‘हा माझा होता’: जळगावात क्लच-गिअरची गाडी शिकले, त्याचा अनुभव

मी जळगावला राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, वय ४६. यंदा मार्च-एप्रिलमध्ये इथल्या एका ड्रायव्हिंग स्कूलला २१ दिवस गाडी शिकले आणि आता घरची वॅगन-आर एकटी घेऊन जाते. त्याआधी जानेवारीत दुसऱ्या एका ठिकाणी १५ दिवस जाऊन आले होते. पैसे गेले, हाती काही आलं नाही. दोन्हीकडे गाडी वॅगन-आरच, पेडलं तीच, रस्तेही बरेचसे तेच. मग फरक कुठे पडला, हे कळायला मला वेळ लागला. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी गाडी शिकायची वेळ का आली ते सांगते. माझी आई फैजपूरला एकटी असते. दिवाळीनंतरच्या आठवड्यात ती रात्री मोरीत पाय घसरून पडली. शेजारणीचा फोन आला तेव्हा साडेदहा वाजले होते. मिस्टरांच्या डोळ्यांचा त्रास सुरू झाल्यापासून डॉक्टरांनी त्यांना रात्री गाडी चालवायला मनाई केलेली आहे. गाडी दारात, चावी खुंटीला, आणि मी फाटकाशी उभी राहून ड्रायव्हरसाठी फोन लावतेय. शेवटी गल्लीतल्या एका मुलाने नेलं. आईला मुका मार होता, हाड शाबूत होतं. पण तो पाऊण तास मी विसरले नाही. पुढच्याच महिन्यात शिकाऊ लायसन्स काढलं.

पुण्याहून मुलगा म्हणाला, आई, ऑटोमॅटिक घेऊन टाकू, क्लचची कटकटच नको. त्याचं म्हणणं खोटं नाही. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओबरोबर एएमटी, म्हणजे आपोआप गिअर बदलणारी यंत्रणा, आली तेव्हापासून बिनक्लचच्या गाड्या आपल्यासारख्यांच्याही आवाक्यात आल्या आहेत, आणि लायसन्सही तेच लागतं. पण घरची गाडी धडधाकट असताना ती विकून दुसरी का घ्यायची? शिवाय वेळप्रसंगी शेजारच्यांची म्हणा, भावाची म्हणा, जी गाडी हाताशी येईल ती गिअरचीच असणार. म्हणून गिअरचीच शिकायची हे मी ठरवून टाकलं.

पहिल्या ठिकाणाचं नाव घेत नाही. तिथे रोज २० मिनिटं गाडी मिळायची, मागच्या सीटवर आणखी दोन शिकणारे. शिकवणारा मुलगा स्वभावाने चांगला होता, पण त्याला एका सकाळी दहा जणांना फिरवून आणायचं असे. त्याच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक होते. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत ते असलेच पाहिजेत, नियम आहे. मी स्टेअरिंग धरायची, तो सांगेल तेव्हा गिअर टाकायची, गाडी लोण्यासारखी निघायची. चौथ्या दिवशी मी घरी सांगितलं की मला जमतंय. पंधराव्या दिवशी त्याने ‘झालं मॅडम’ म्हणून निरोप दिला.

त्या रविवारी मिस्टरांना शेजारी बसवून मी आमची गाडी काढली. फाटकातून गल्लीच्या तोंडापर्यंत सात वेळा बंद पडली. मागे कापसाचा ट्रॅक्टर आला, ट्रॉली भरलेली, त्याला मागे सरता येईना. तो हॉर्न वाजवत नव्हता, नुसता थांबून होता, त्याचंच मला जास्त दडपण आलं. आठव्यांदा चावी फिरवली आणि डोक्यात लख्ख पडलं: १५ दिवस क्लच मी दाबलाच नव्हता. म्हणजे पाय माझा होता पेडलवर, पण गाडी उचलत होता तो मुलगा, त्याच्या पेडलाने. दोन्ही क्लच एकमेकांना जोडलेले असतात. त्याने दाबला की माझंही पेडल आपोआप खाली जायचं, आणि मला वाटायचं मीच दाबला.

मार्चमधल्या या स्कूलचा पत्ता शाळेतल्या सहकारी बाईंनी दिला. शिकवणाऱ्यांना सगळे आप्पा म्हणतात. साठीचे आहेत, मूळचे अमळनेरकडचे, बोलता बोलता अहिराणीवर येतात. मी सगळी हकीकत सांगितली. त्यांनी मधे एक शब्द टाकला नाही, फक्त विचारलं, ‘ताई, डावा पाय कधी दुखला का त्या पंधरा दिवसांत?’ मी म्हटलं, नाही. ‘मंग तुम्ही शिकल्याच नही.’

पहिल्या दिवशी गाडी सुरूच केली नाही. त्यांनी डिक्कीतून गोणपाटात गुंडाळलेली एक जुनी क्लच प्लेट काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. जेवणाच्या ताटाहून लहान, पण हाताला जड. मधोमध दातेरी भोक, त्याभोवती जाडजूड स्प्रिंगा, आणि कडेने दोन्ही बाजूंना करड्या रंगाचं खरबरीत अस्तर, त्यात बारीक खाचा. एका बाजूला अस्तर इतकं झिजलं होतं की पितळी रिवेटांची डोकी वर आली होती. बोट फिरवलं तर टोचायची. नाकाशी नेली तर अजून जळका वास. आप्पा म्हणाले, इंजिनाचं चाक सारखं फिरत असतं, ते थांबायला तयार नाही. गाडीची चाकं थांबलेली आहेत, ती एकदम फिरायला तयार नाहीत. ही प्लेट मधे दबून दोघांची गाठ घालून देते. पेडल दाबलं की ती सुटी होते, सोडलं की चिकटते. एकदम सोडलं तर थांबलेलं चाक फिरत्याला ओढून बंद पाडतं. फार वेळ अर्धवट धरून ठेवलं तर प्लेट नुसती घासत राहते, आणि रिवेट दिसायला लागतात. ‘ही कोणाच्या गाडीची आहे माहितीये? माझीच. तीन पोरं एका सीझनमध्ये शिकली हिच्यावर.’

वर्गात मीही मुलांना अपूर्णांक शिकवताना भाकरीचे तुकडे करून दाखवते. वस्तू हातात आली की डोकं चालायला लागतं. ती प्लेट हातात घेतल्यापासून ‘हाफ क्लच’ हा माझ्यासाठी नुसता शब्द राहिला नाही. पाय सोडताना मला ते अस्तर डोळ्यांपुढे दिसतं.

पुढचे तीन दिवस मेहरूणच्या पुढे शिरसोली रस्त्याच्या बाजूला एका मोकळ्या जागेत. पहाटे सहाला. रेसच्या पेडलाला पाय लावायचाच नाही, असं बजावलेलं. पहिला गिअर, हँडब्रेक खाली, आणि क्लच इतका हळू सोडायचा की गाडी नुसत्या क्लचवर मुंगीच्या पावलाने निघाली पाहिजे. सपाट जमिनीवर पेट्रोलची गाडी तशी निघते. मला तोवर ठाऊकच नव्हतं की रेस न देताही गाडी चालते. क्लच सोडत असताना एक जागा येते. इंजिनाचा आवाज जरा खाली बसतो, स्टेअरिंगला बारीक थरथर येते, बॉनेटचं टोक तसूभर वर उचलल्यासारखं वाटतं. तिथे पाय थांबवायचा. एक, दोन मोजायचं. मग उरलेला सोडायचा. ‘पाय हयूहयू सोडा ताई, घाई नही.’ एका तासात ४० वेळा निघायचं आणि ४० वेळा थांबायचं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी डावी पोटरी अशी भरून आली की जिना चढताना कठड्याला धरावं लागलं. मला आनंद झाला होता.

बसण्याबद्दलही त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. क्लच पूर्ण दाबल्यावरसुद्धा गुडघ्यात थोडा वाक उरला पाहिजे, नाहीतर सीट पुढे घ्या. माझी उंची कमी, सीट बरीच पुढे घ्यावी लागली. चप्पल सपाट तळाची. साडी असेल तर पदर खांद्याला पिन करून, निऱ्या जरा वर खोचून. पहिल्या ठिकाणी यातलं एक अक्षर कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी १५ दिवस पायाच्या चवड्याने पेडल शोधत बसले होते.

आता मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट. आप्पांच्या बाजूलाही क्लच-ब्रेक आहेत आणि ते वापरतातही. पण वापरला की तोंडाने सांगतात: ‘हा माझा होता.’ ब्रेक मी उशिरा दाबला आणि त्यांनी आधी दाबला, तर लगेच, ‘हा माझा.’ स्टेअरिंगला एक बोट लावलं तरी ‘हा माझा’. आणि तास संपला की आकडा सांगतात. मी तो वहीत लिहून ठेवत गेले. रस्त्यावर आल्याच्या पहिल्या दिवशी ३१. तिसऱ्या दिवशी १७. मग ९. मग गावात शिरलो त्या दिवशी पुन्हा १४. तो आकडा पाहून मला वाईट वाटलं, तर आप्पा म्हणाले, रस्ता बदलला की आकडा चढणारच, उतरतो का ते बघू. आदल्या ठिकाणी कोणी मोजलं असतं तर मला दुसऱ्याच दिवशी कळलं असतं की मी कुठे आहे. शिकणाऱ्याला खरा आकडा सांगायला धाडस लागतं. गोड बोलून १५ दिवस काढणं सोपं आहे. मी स्वतः शिकवते, म्हणून हे मनापासून लिहिते.

गिअर बदलणं त्यांनी कानावर शिकवलं. ढोबळ आकडे दिले: १५ च्या आसपास दुसरा, २५-३० ला तिसरा, ४० च्या पुढे चौथा, मोकळ्या रस्त्याला ५५-६० ला पाचवा. पण काट्याकडे बघू देत नसत. एसी बंद, काचा खाली, इंजिन काय म्हणतंय ते ऐका. आवाज चढून किंचाळायला लागला म्हणजे वरचा गिअर मागतंय, घरघर करून गाडी थरथरली म्हणजे खालचा. गतिरोधकाआधी ब्रेक, मग क्लच, मग दुसरा, आणि दुसऱ्यावरच ओलांडायचा. न्यूट्रलमध्ये उतारावर सोडायची नाही. गिअर पडला की डावा पाय क्लचवर ठेवायचा नाही, बाजूला जमिनीवर. ही शेवटची सवय मला सर्वांत जड गेली. सिग्नलला थांबले की पाय आपोआप क्लचवर आणि गाडी पहिल्यात. आप्पा डॅशबोर्डवर टकटक करायचे: न्यूट्रल, हँडब्रेक, पाय मोकळा. त्या रिवेटांची आठवण करून द्यायला तेवढं पुरायचं. रिव्हर्स वॅगन-आरमध्ये पाचव्याच्या सरळ खाली आहे, गाडी पूर्ण उभी राहिल्याशिवाय तिकडे हात न्यायचा नाही, नाहीतर दाते कर्रकन ओरडतात. ते मी एकदा ऐकलं, पुन्हा ऐकायची इच्छा नाही.

नवव्या दिवशी अजिंठा चौफुलीवर गाडी बंद पडली. सिग्नल हिरवा झालेला, मागे एसटी, उजवीकडून रिक्षा घुसतायत. पहिल्यांदा सुरू करून क्लच सोडला, पुन्हा बंद. माझ्या हाताला घाम आला. आप्पांनी स्वतःचं पेडल दाबून गाडी काढली असती तर दोन सेकंदांचं काम होतं. त्यांनी फक्त पार्किंगचे दिवे लावले आणि म्हणाले, ‘एसटीवाल्याला ब्रेक आहे. तुम्ही तुमचं करा.’ मी क्लच पूर्ण दाबला, गिअर पाहिला, तर तिसरा होता! थांबताना पहिल्यात आणायचा राहून गेला होता. पहिला टाकला, चावी, ती थरथरीची जागा, एक, दोन, आणि गाडी निघाली. चौफुली ओलांडल्यावर मी विचारलं, किती तुमचे? म्हणाले, एक बी नही.

चढावरचं थांबणं-निघणं शिवाजीनगरच्या उड्डाणपुलावर, भल्या पहाटे रस्ता रिकामा असताना, तेही दोन्ही आरसे बघूनच. हँडब्रेक ओढून थांबायचं, क्लच त्या जागेवर आणायचा, किंचित रेस, गाडीचं नाक उचललं की मग हँडब्रेक सोडायचा. लायसन्सच्या चाचणीतही हे विचारू शकतात, नियमात लिहिलेलं आहे: चढावर मागे न घसरता गाडी निघाली पाहिजे. मला हे जमायला चार सकाळी लागल्या. पहिल्या दिवशी गाडी हातभर मागे गेली तेव्हा पोटात गोळा आला होता. चौथ्या दिवशी आप्पांनी मागच्या चाकामागे एक रिकामी पाण्याची बाटली उभी केली आणि म्हणाले, ही पडू द्यायची नाही. पडली नाही.

कागदपत्रांचा व्यवहार इथे चोख आहे, तेही सांगायला हवं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे खासगी गाडी शिकवणाऱ्या स्कूलने किमान २१ दिवसांचं प्रशिक्षण आणि त्यात प्रत्यक्ष किमान १० तास गाडी चालवायला दिली पाहिजे. त्या तासांची नोंद नमुना १५ मध्ये ठेवायची असते. आप्पांकडे ती वही आहे, रोज सही घेतात. आधीच्या ठिकाणी २० मिनिटांचे १५ दिवस, म्हणजे हिशोब केला तर पाच तास. वहीचं तर नावच नाही. हा नियम मला आधी माहीत असता तर मी तिथेच विचारलं असतं. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं आणि मिळाल्यापासून ३० दिवसांनी पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते. तेवढ्या मुदतीत माझ्या दोन्ही शिकवण्या बसल्या. चाळिशीच्या पुढच्यांना डॉक्टरांकडून नमुना १-अ (वैद्यकीय प्रमाणपत्र) भरून आणावा लागतो, तो आधीच तयार ठेवा. सरकारी फी ऑनलाइन भरून पावती हातात दिली, वरून कसलेही पैसे मागितले नाहीत. चाचणी मेमध्ये झाली, पहिल्याच खेपेला पास. वय तीस ते पन्नासमध्ये असल्यामुळे लायसन्स दहा वर्षांचं मिळालं.

फी २१ दिवसांची ५,५०० रुपये घेतली. आधीच्या ठिकाणी ३,५०० दिले होते. जास्त वाटेल, पण तासांनी भागून बघा.

उणिवाही आहेत. मागे घेऊन दोन गाड्यांच्या मधे लावणं इथे फारच थोडं होतं, दीड दिवसात उरकलं. मला ते घरी गल्लीत विटा मांडून स्वतःच शिकावं लागलं. रात्रीचं चालवणं अजिबात नाही, आणि माझ्यासारखीला तर तेच हवं होतं. आप्पांना मी तसं सांगितलं, त्यांचं म्हणणं पडलं की रात्री त्यांना स्वतःला दिसायला त्रास होतो. हे त्यांनी सरळ सांगितलं याचा मान आहे, पण स्कूलने दुसरा कोणी ठेवायला हवा. एप्रिलमध्ये आठनंतरच्या बॅचला एसीशिवाय बसणं सहन होत नाही, जळगावचं ऊन सगळ्यांना माहीत आहे. दुपारी फोन उचलत नाहीत. टायर बदलायला शिकवत नाहीत, शिकवायला पाहिजे.

आणखी एक. स्कूलच्या गाडीचा क्लच खाली, जमिनीजवळ धरतो. माझ्या गाडीचा बराच वर. त्यामुळे २१ दिवसांनंतरही घरची गाडी पहिल्यांदा दोनदा बंद पडली. मी घाबरले नाही, कारण काय शोधायचं ते माहीत होतं. आप्पांना ३०० रुपये तासाने दोन दिवस माझ्याच गाडीवर बोलावलं. शिकणाऱ्या प्रत्येकाने हे दोन तास घ्यावेत. खरं तर ते फीमध्येच धरायला हवेत.

शेवटच्या, एकविसाव्या दिवशी ममुराबाद रस्त्याला केळीने भरलेले ट्रॅक्टर समोरून येत होते. त्यांच्यातून जाऊन परत आलो तेव्हा आप्पांचा आकडा एक होता. कुत्र्याचं पिल्लू आडवं आलं आणि त्यांनी माझ्या आधी ब्रेक दाबला. तो मी वहीत लिहिला आहे.

मृगाच्या आठवड्यात मी एकटी फैजपूरला गेले. जळगावहून नशिराबाद, भुसावळ, तापीचा पूल, बामणोद, पन्नासेक किलोमीटर. नशिराबादच्या टोलनाक्यावर रांगेत सहा वेळा थांबून निघाले, एकदाही बंद पडली नाही. तापीच्या पुलावर पाऊस लागला. भुसावळच्या पुढे बांधाबांधावर कापसाच्या लागवडीची लगबग चालू होती. आई ओट्यावर बसली होती. तिने आधी गाडीच्या मागच्या दारातून कोण उतरतंय ते बघितलं, मग माझ्या बाजूला बघितलं. ‘तू चालवत आली का वं?’ म्हणाली आणि चष्मा पुसायला लागली. तिला पुढच्या सीटवर बसवून गावातून एक चक्कर मारली. पट्टा लावताना तिने विचारलं, हा बांधायलाच लागतो का. म्हटलं, लागतो.

जायचं असेल तर पहाटे सहाची बॅच मागा, ती लवकर भरते. आणि कुठल्याही स्कूलला जा, पहिल्या दिवशी नमुना १५ ची वही दाखवायला सांगा, आणि शिकवणाऱ्याला विचारा की तुमचा पाय कधी लागला ते मला सांगाल का.